म्हातारीला विचारून सांगतो

मांपोंग, १४ जानेवारी

आदरणीय मामा,

हॅम्बुर्गला बर्फ पडतंय असं आईकडून कळलं. इथे हरमटानच्या वाऱ्याने नाकातोंडात धूळ भरली आहे, ओठ फुटलेत. तुमच्या आज्ञेप्रमाणे लिहायला बसलो आहे. "फोनवर तू नुसता हो मामा, हो मामा करतोस, मला काही कळत नाही. कोचकडे काय झालं ते दर वेळी सविस्तर लिहून मेल कर," असं तुम्ही म्हणालात. त्यालाही मी "हो मामा" म्हणालो.

माझ्यासाठी खास कोच ठेवलीत, त्याबद्दल आभार. शाळेत कुणालाच कोच नाही. शिपायाने विचारलं, "फुटबॉलचा का?" मी म्हटलं, आयुष्याचा. तो म्हणाला, "म्हणजे पाद्री." मी नाही म्हटलं आणि वर्गात निघून गेलो.

शनिवारी कुमासी शहरात जाऊन आलो. एसिनाम मॅडमचं ऑफिस मोबाईलच्या दुकानावर आहे. आत मासळीच्या गोदामासारखा गारठा, कोपऱ्यात प्लॅस्टिकची लिली, आणि खोलीत असा काही सुगंध मारलेला की माझं डोकं भणभणलं. बाई मूळच्या पूर्वेकडच्या, व्होल्टा प्रांतातल्या, पंचावन्नच्या आसपास. बँकेत माणसांच्या नेमणुका बघता बघता आयुष्य गेलं आणि मग या धंद्यात आल्या. बोलताना भाजलेले शेंगदाणे खातात आणि सालं फुंकतात. बोलणं जरा गंभीर झालं की डोक्यावरचा केसांचा टोप काढून टेबलावर ठेवतात. मामा, त्या टोपाशेजारी माझा पाण्याचा ग्लास होता. मी पाणी प्यायलो नाही.

रीतीप्रमाणे पाणी देऊन त्यांनी विचारलं, "काय काम काढलंत?"

मीही रीतीप्रमाणेच सांगितलं, "सगळं शांत आहे, मॅडम. मामांनी पाठवलं."

"मामांना काय हवंय ते मामांनी फोनवर सांगितलंय. तासभर सांगत होते. तुम्हाला काय हवंय?"

"मामांना हवंय तेच."

बाईंनी टोप काढला. "मग मामांनाच यायला सांगा. मी त्यांची कोच होते, तुम्ही बाहेर बसून केळी खा."

हे विनोदाने म्हणाल्या असाव्यात. बाकी तास छान गेला. मी सगळं समजावून सांगितलं: ईस्टरला तुम्ही येणार, घरच्या बैठकीत तुमच्या हॉटेलच्या किल्ल्या वारस म्हणून माझ्या हातात देणार, मी शाळेचा राजीनामा देणार. मी तुमच्या बहिणीचा मुलगा. आपल्यात पोटच्या पोरापेक्षा भाच्याचा हक्क मोठा, हे मला पाळण्यापासून पाठ आहे. बाई ऐकत होत्या आणि फुंकत होत्या. मन अगदी प्रसन्न झालं.

आपला आज्ञाधारक भाचा,
अद्दाए


मांपोंग, ४ फेब्रुवारी

आदरणीय मामा,

तुमचा निरोप ऐकला. "पुरेपूर वसूल कर, ती जे सांगेल ते लिहून घे, आळशासारखा बसू नकोस." बसलो नाही. पण लिहून काय घेऊ? बाई काही सांगतच नाहीत.

या खेपेला बाहेरच्या बाकावर गर्दी होती. एका माणसाने तेलाची बाटली आणली होती, बाईंनी तिच्यावर हात ठेवावा म्हणून. जाडजूड, घड्याळ सोन्याचं, गाडी खाली उभी. शेजारच्या बाईला सांगत होता, "यांच्याकडे आलो आणि टेंडर लागलं." ती बाई आपल्या मुलीचा फोटो घेऊन बसली होती, हिचं लग्न कधी होईल ते विचारायला. मला या माणसांची मनापासून शिसारी आली. शिकलेली माणसं! चर्चमधला पाद्री पुरला नाही म्हणून ही दुसरी गाठली. आत गेल्यावर मी मॅडमना तसं म्हणालो, आणि मग खुर्ची सरसावून विचारलं, "आता तुम्हीच सांगून टाका. शाळा की हॉटेल?"

बाई एवढ्या हसल्या की शेंगदाणा घशात गेला.

"मी सांगितलं तर कराल?"

"करीन."

"मामांनी सांगितलं तरी करणार, मी सांगितलं तरी करणार. खाली मोबाईलवाला आहे, त्यालाही विचारून या. तेलाची बाटली आणलीत का?"

असं बोलतात, मामा. तुमच्या पैशाने.

मी जरा चिडून माझं काम सांगितलं. मुलींची प्रश्नमंजूषेची टोळी मी तयार करतो, तुम्हाला माहीत आहे. (तुम्ही त्याला "पोरखेळ" म्हणता.) यंदाच्या टोळीत एक अबेना आहे, अडली की माझ्या तोंडाकडे बघत बसते. परवा वैतागून म्हणाली, "सर, उत्तर सांगायला तुमचं काय जातं हो?" मी म्हटलं, सांगितलं तर ते माझं उत्तर होईल, आणि मंचावर मी नसणार. मॅडमना वाटावं की मी काही अगदीच हा नाही, म्हणून ही गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर लक्षात आलं की मी स्वतःच स्वतःला खड्ड्यात घातलंय. बाई नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत बसल्या.

"बरं," शेवटी म्हणाल्या, "शाळा सोडायची की नाही?"

मी म्हटलं, "म्हातारीला विचारून सांगतो."

बैठकीतले पंच पेचात पडले की उठून झाडामागे जातात, कुजबुजतात, आणि जाताना हेच म्हणतात. अशी कुणी म्हातारी नसते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण ते एकदा म्हटलं की पुढे कुणी रेटायचं नाही, ही आपली रीत. बाईंनीही रेटलं नाही. वही मिटली. तास संपायला बराच वेळ होता, तो आम्ही दोघांनी एसीचा आवाज ऐकण्यात घालवला.

अहवाल हवा असेल तर बाईंनाच विचारा, असं मी म्हणणार नाही. तुम्ही विचारणारच.

आपला भाचा,
अद्दाए


मांपोंग, ३ मार्च

मामा,

तुम्ही सांगितलंत म्हणून हॉटेल बघून आलो. "मालक होण्याआधी मालकासारखं फिरून ये, न कळवता जा." तसाच गेलो. दर रविवारी मागच्या दाराने आईकडे जातो, पण पुढच्या दाराने आत कधी गेलो नव्हतो. शनिवारी, भर दुपारी.

दारातले सिमेंटचे सिंह सोनेरी रंगवलेत. एकाचा जबडा फुटलाय, त्यात कुणीतरी सिगारेटची थोटकं कोंबली आहेत. पोहण्याच्या तलावात हिरवं पाणी आणि बेडूक. दिवाणखान्यात तुमचा फोटो, आपल्या कुळाच्या सरदाराला शोभेल एवढा, खाली दिवे लावलेले. काउंटरवरचा बाफो मला ओळखून एवढा वाकला की त्याच्या डोक्यावरचं टक्कल मला दिसलं. वाकलेल्या माणसांचा मला वीट येतो, मामा. मी स्वतः तसाच वाकतो म्हणून असेल.

मी काउंटरशी उभा असताना एक माणूस आला. माझ्याहून मोठा, पोट पुढे, हातात गाडीची किल्ली फिरवत. त्याच्या मागे एक मुलगी. अंगावर झगझगीत फ्रॉक होता, पण पायात काळे शाळेचे बूट आणि दुमडलेले पांढरे मोजे. कपडे बदलायला आणले असतील, बूट आणायला विसरली असेल. खाली बघत होती. बाफोने एक शब्द न बोलता किल्ली पुढे केली. ती दोघं जिना चढून गेली.

मी विचारलं, "यांची नावं कुठे लिहिलीस?"

बाफो हसला. "मास्तर, वरच्या मजल्यावर नावं नसतात. तास असतात."

"ती केवढी आहे?"

"मास्तर, इथे कुणी वय विचारायला येत नाही. मोठ्या साहेबांना माहीत आहे सगळं. खालच्या मजल्यावर लग्नं, वरच्या मजल्यावर... चालायचंच. तुम्ही बसा, मक्याचे केंके आणि मासा सांगतो."

मोठे साहेब म्हणजे तुम्ही.

त्याचं म्हणणं खोटं आहे, असं एका ओळीत लिहून पाठवा. मी वाट बघतो.

अद्दाए


मांपोंग, १८ मार्च

मामा,

तुमची ओळ आली. "हॉटेल हे हॉटेल असतं. तू मास्तर आहेस, पाहुण्यांची हजेरी घेऊ नकोस." ही मी इतक्या वेळा वाचली की तिची चव तोंडात बसली आहे, खवट तेलासारखी.

शनिवारी एसिनाम मॅडमकडे गेलो. जायचं नव्हतं. त्यांनी दारातच सांगितलं, "तुमच्या मामांचा फोन आला होता. भाचा काय बोलतो ते कळवा म्हणाले, आणि त्याचं डोकं जागेवर आणा म्हणाले. मी दोन्हीला नाही म्हटलं. पैसे परत घ्या म्हटलं, तर त्यांनी फोन ठेवला. तुम्हाला हे माहीत असायला हवं. आता यायचं तर या, जायचं तर जा."

तुमची लाज वाटली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मी बाईंपुढे तुमच्या वतीने माफी मागायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "पुरे. काय काम काढलंत?"

आणि मी काय सांगितलं असेल, मामा? मी म्हणालो, "सगळं शांत आहे."

मग माझं मलाच हसू आलं, आणि हसता हसता मी सुरू झालो. हॉटेलची घाण, सिंहाचा जबडा, बेडूक, बाफोचं टक्कल, तुमचा फोटो, त्या माणसाचं पोट. किळस येते, किळस येते. किती वेळ बोललो कोण जाणे. बाईंनी टोप काढून ठेवला होता.

"सगळ्यांची किळस सांगून झाली," त्या म्हणाल्या. "त्या दुपारी तुम्ही काय केलंत?"

"कधी?"

"ती दोघं जिना चढली तेव्हा."

मी म्हटलं, "म्हातारीला विचारून..."

"विचारून या." त्यांनी दाराकडे बोट केलं. "अहो, मी थट्टा करत नाही. पंच काय करतात? उठतात, बाहेर जातात आणि उत्तर घेऊन परत येतात. तुम्ही दर खेपेला म्हातारीचं नाव घेता आणि जागचे हलत नाही. मागच्या अंगणात आंब्याचं झाड आहे. जा. आणि उत्तर घेऊनच या, नाहीतर येऊ नका. तुमच्या वाटचं विचारणं मला करता येत नाही. मला जमत असतं तरी मी केलं नसतं."

गेलो. झाडाखाली एक बाई केळ्याचे काप तळत बसली होती. मी खोडाशी उभा राहिलो आणि सवयीप्रमाणे आधी छानसं उत्तर जुळवायला लागलो. आत जाऊन असं असं सांगायचं, म्हणजे बाईंना मी बरा माणूस वाटेन. दोन महिने मी तेच करत आलो होतो. तुमच्यापुढे चांगला भाचा, त्यांच्यापुढे चांगला विद्यार्थी. मग तेलाचा वास आला आणि मला तो मासा आठवला. मामा, त्या दुपारी मी बसलो. बाफोने केंके आणि मासा आणला, मी तो खाल्ला. ती मुलगी वर होती आणि मी खाली काटे काढत होतो.

मी तिथेच गटाराशी ओकलो. केळीवाली ओरडली, "अहो मास्तर! गिऱ्हाइकांसमोर? मी काय विष तळतेय का?" मग तिनेच तांब्याभर पाणी आणून दिलं. ते प्यायलो.

आत जाऊन मी दोन गोष्टी सांगितल्या. मी हॉटेल घेणार नाही. आणि मी त्या मुलीला हाक मारायला हवी होती.

"दुसरीपासून सुरू करू," बाई म्हणाल्या. "आता काय करणार?"

पहिल्यांदाच तास पुरला नाही.

सोमवारी मी आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना घेऊन पोलिसांच्या स्त्रिया आणि मुलांच्या विभागात गेलो. तक्रार माझ्या नावाने दिली आहे. हॉटेलचं नाव, तुमचं नाव, बाफोचं म्हणणं, मी खाल्लेला मासासुद्धा. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगतो आहे. ईस्टरच्या किल्ल्यांबद्दल वेगळं लिहीन. आईशी बोलल्याशिवाय ते लिहिता येत नाही, कारण ती तुमच्या छपराखाली राहते.

अद्दाए


मांपोंग, २९ मार्च

मामा,

तुम्ही आपल्या कुळातल्या वडीलधाऱ्या न्तिम आजोबांना माझ्याकडे पाठवलंत. बिचारे या वयात भरगच्च ट्रोट्रो गाडीने धक्के खात आले. म्हणाले, "मोठ्या माणसाला नाही म्हणायचं असेल तर त्याची एक रीत आहे, बाळा. श्नॅप्स दारूची बाटली घे, मला मध्ये घाल, मी तुझं नाही नीट धुऊन, इस्त्री करून त्याच्यापर्यंत नेतो. तो रागावेल, मग शांत होईल, मग तू अर्धं हो म्हण. तक्रार मागे घे, एवढं झालं की सगळं मिटलं."

मी त्यांना फुफू आणि भुईमुगाची आमटी खायला घातली आणि बसमध्ये बसवून दिलं. ते चांगले आहेत. पण माझं नाही त्यांच्या हातून तुमच्यापर्यंत पोचेतो हो झालेलं असतं, हे आपल्या तिघांनाही माहीत आहे. म्हणून हे मध्ये कुणी नसलेलं, बाटली नसलेलं, बेअदब: मामा, मी हॉटेल घेणार नाही. तुमचा वारस होणार नाही. मी शाळेत राहणार आहे.

हे लिहायला दोन महिने लागले ते तुमच्या भीतीने नाही. आईमुळे. हॉटेलमागचं घर तुमचं. मी नाही म्हटलं की तुम्ही तिला बाहेर काढाल, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. एसिनाम मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "हे आईंना विचारलंत, की त्यांच्या वतीनेही तुम्हीच ठरवलंत?" राग आला मला. मग रविवारी चर्चनंतर आईकडे गेलो.

ती मागच्या ओट्यावर होती, पुढ्यात चादरींचा ढीग. मी लांबण लावायला लागलो: हॉटेलमध्ये काय चालतं ते तुला कसं सांगू, तू घाबरू नकोस, आणि असं तसं. ती चादर पिळत होती. पिळून झाल्यावर म्हणाली, "या चादरी कुठल्या आहेत असं वाटतं तुला?"

मी म्हटलं, "घरच्या."

"घरात मी एकटी. किती चादरींवर झोपते रे मी?"

मामा, तुम्ही हे मला कधी लिहिलं नाहीत.

"वरच्या मजल्याच्या आहेत," आई म्हणाली. "दादा म्हणाला, धोबिणीकडे नको, ती बघेल आणि गावभर करेल. घरातलं घरात राहू दे, तू धूत जा. तेव्हापासून मी धुतेय. ब्लीचने बोटं बघ कशी झालीत. कुठल्या चादरीवर काय आहे ते मला कळत नाही असं दादाला वाटतं. मी तुला जन्म दिलाय, अद्दाए. मला कळतं. काही चादरींवर कोवळ्या पोरींचं रक्त असतं."

"आई, बोलली का नाहीस?"

"कुणाशी? न्तिमकाकांशी? ते बाटली घेऊन दादाकडेच गेले असते. तुझ्याशी? तू दर रविवारी येऊन 'सगळं शांत आहे ना' विचारायचास आणि उत्तराआधी जेवायला बसायचास."

मी तिला विचारलं, तुला काय हवंय. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परक्या भाषेत बोललो. मग म्हणाली, "मला या वासापासून लांब झोपायचंय."

तिला घेऊन आलो आहे. शाळेच्या आवारातली माझी खोली लहान आहे, रात्री ती पलंगावर झोपते आणि मी टेबलाखाली पाय घालून. तिने आपलं उखळ-मुसळ तेवढं आणलं, बाकी सगळं तुमचं म्हणून तिथेच ठेवलं. धुवायच्या उरलेल्या चादरी पोलिसांनी पिशव्यांत भरून नेल्या. त्यांना तिने सगळं नीट सांगितलं, न अडखळता. मी बाजूला उभा होतो, मला एक शब्द बोलावा लागला नाही.

एक चादर मात्र तिने त्यांच्या परवानगीने मागे ठेवली. तिची तपासणी आणि नोंद तिथेच झाली होती, म्हणून त्यांनी ती परत दिली. त्या घरातल्या तुमच्या खोलीची किल्ली तिच्याकडेच असते, तुम्ही येण्याआधी ती दर ईस्टरला झाडून, नवी चादर घालून ठेवते. निघण्याआधी तिने तुमच्या पलंगावर ती चादर अंथरली, न धुता, कोपरे खोचून, उशीसकट. मला म्हणाली, "दादाला लिही, पलंग तयार आहे. येशील तेव्हा झोप."

अद्दाए